निवृत्तीनंतर तंटे मिटवण्याचं काम: एका प्राध्यापकांना उत्तर

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. महाविद्यालयातून नुकतेच निवृत्त होऊन तुम्ही गावी राहायला आलात. बांधाचे, वाटणीचे, घरातले वाद घेऊन लोक तुमच्याकडे येऊ लागलेत आणि ‘तुम्ही सांगाल ते दोघांनाही मान्य’ असं म्हणतायत. तुम्हाला हे काम मनापासून करायचं आहे, पण कायद्याची पदवी नाही. आपला अधिकार किती, हात कुठे घालायचा, कुठे घालायचा नाही आणि सुरुवात कशी करायची, असं तुम्ही विचारलंय.

मी अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि तेव्हापासून हेच काम करते आहे. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगते: ‘तुम्ही सांगाल ते मान्य’ या वाक्याला भुलू नका. कायदा शिकता येतो, माहीत नसेल तर विचारता येतो. प्राध्यापकाला खरी अडचण होते ती लोकांच्या आदराची. समोर बसलेला एकजण तुमचा विद्यार्थी असतो, दुसऱ्याची मुलगी तुमच्या कॉलेजात शिकलेली असते. ‘निम्मं-निम्मं करा आणि मोकळे व्हा’ असं तुम्ही म्हणालात तर दोघं मान खाली घालून हो म्हणतील, पाया पडून घरी जातील आणि पेरणीच्या तोंडावर पुन्हा बांधावर भिडतील. कारण तो होकार त्यांनी तुम्हाला दिलेला असतो, एकमेकांना दिलेला नसतो.

आयुष्यभर आपण प्रश्नाचं उत्तर द्यायला शिकलेलो असतो. विद्यार्थ्याने अर्धं वाक्य बोललं की उरलेलं आपण पुरं करतो. इथे ती सवय बाजूला ठेवावी लागते. तुमच्या डोक्यात पहिल्या दहा मिनिटांत आलेला तोडगा अगदी बरोबर असला तरी तो तुम्ही उच्चारायचा नाही. त्यांच्या तोंडून येईपर्यंत थांबायचं, आणि बहुतेक वेळा त्यांच्या तोंडून येतो तो तुमच्यापेक्षा चांगला असतो. जमीन त्यांची असते, तिच्यातला चढउतार, पाण्याची पाळी, कोण कधी चिडतो हे सगळं त्यांना माहीत असतं.

एक वाद जरा जवळून दाखवते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दोन चुलतभाऊ. धाकट्याचं रान डांबरी रस्त्याला लागून, थोरल्याचं त्याच्या मागे. आजोबांच्या वेळेपासून धाकट्याच्या रानातून बैलगाडीची वाट होती. धाकट्याने ती नांगरून टाकली आणि बांधापर्यंत हळद लावली. मागे थोरल्याच्या उसाला तोड आली, कारखान्याचा चिटबॉय (तोडीची पाळी सांगणारा माणूस) येऊन सांगून गेला, ऊसतोडीची टोळी दारात येऊन बसली, आणि ट्रॉली आत न्यायला वाट नाही. वाटेचे तंटे आमच्याकडे बहुतेक अशाच वेळी पेटतात. उभा ऊस वाळायला लागलेला माणूस शांतपणे बोलू शकत नाही, हे त्याच्याशी बोलताना लक्षात ठेवायला हवं.

एकत्र बसल्यावर थोरला म्हणत होता, वाट बापजाद्यांची आहे. धाकटा म्हणत होता, नकाशात वाट दाखवा. या दोन वाक्यांवर ते दोघं वर्षभर उभे होते. आम्ही दोघांना वेगवेगळं भेटलो. धाकट्याला विचारलं, ‘वाट दिली तर तुमचं नेमकं काय बिघडतं?’ बराच वेळ गप्प बसून तो म्हणाला, मागच्या हंगामात ओल्या रानातून ट्रॉली घातली, माझ्या ठिबकच्या नळ्या चेंदून गेल्या, कोणी विचारायलाही आलं नाही. आणि वर तहसीलला अर्ज केला तो मला तलाठ्याकडून कळला. थोरल्याला विचारलं, ‘या वर्षीचा ऊस निघाला तर वाद संपेल का?’ तो नाही म्हणाला. धाकटा रस्त्याकडेची जमीन कधीतरी विकेल, घेणारा बाहेरचा कुंपण घालेल आणि माझी पोरं कायमची कोंडली जातील, ही त्याची धास्ती होती.

आता पाहा, वाद ‘वाट आहे की नाही’ यावर राहिलाच नाही. एकाला नुकसान नको होतं आणि आपल्याला विचारलं जावं एवढं हवं होतं. दुसऱ्याला कायमचा कागद हवा होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी देता येतात. वाट मधून न जाता पूर्वेच्या बांधाकडेने न्यायची, तेवढे गुंठे थोरल्याने विहिरीच्या बाजूला सोडायचे, ठिबकची मेन लाइन वाट ओलांडते तिथे जाड पाइपातून खालून घ्यायची आणि तो खर्च थोरल्याने करायचा, रान ओलं असताना ट्रॉली घालायची नाही, तोड आली की दोन दिवस आधी सांगायचं, आणि वाटेची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कात घेण्यासाठी दोघांनी मिळून अर्ज करायचा. यातलं पाइपाचं धाकट्याने सुचवलं, बांधाचं थोरल्याने. आम्हाला हे दोन्ही सुचलं नसतं.

या कामातली एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट इथेच सांगते. वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. तुम्ही सद्भावनेने बैठकांवर बैठका घेत राहिलात आणि ती मुदत टळली, तर तुमच्या मध्यस्थीनेच त्या माणसाचा हक्क घालवला असं होतं. म्हणून पहिल्याच दिवशी तारखा विचारा. अर्ज केलेला असेल तर मागे घ्यायला लावू नका. तडजोड कागदावर येईपर्यंत पुढची तारीख घेऊ द्या. वाट कधी नव्हतीच आणि नव्याने हवी असेल तर महसूल संहितेचं कलम १४३ आहे, तो वेगळा मार्ग. हे सगळं तुम्ही सांगायचं ते माहिती म्हणून. सल्ला वकिलाने द्यावा.

बैठक कुठे घ्यायची याला लोक फार कमी महत्त्व देतात. चावडीवर, देवळात, पारावर नको. तिथे बघे जमतात, आणि बघ्यांसमोर कोणी माघार घेत नाही. कुणाच्या वाड्यातही नको. शाळेची खोली सुट्टीच्या दिवशी, वाचनालय, ग्रामपंचायतीची बंद दाराची खोली चालते. गावातल्या प्रत्येक जातीच्या माणसाला जिथे बिनदिक्कत खुर्चीवर बसता येतं अशीच जागा निवडा. हे आजही गृहीत धरता येत नाही. चहा तुम्ही पाजा, कुणा एका पक्षाकडून घेऊ नका. तंटा मिटला की शाल-श्रीफळ घेऊन लोक येतात. तेही नम्रपणे नाकारा, कारण उद्या तोच माणूस दुसऱ्या वादात पक्षकार म्हणून समोर असतो. पैसा तर घ्यायचाच नाही.

पहिल्या बैठकीत चार गोष्टी दोघांसमोर स्पष्ट बोलायच्या: मी निकाल देणार नाही, इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, कुणीही कधीही उठून जाऊ शकतो, आणि मी प्रत्येकाला वेगळं भेटेन, तिथे सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगणार नाही. शेवटचं पाळणं गावात अवघड जातं. घरी विचारतात, पारावर विचारतात. मला तर वाटतं की मध्यस्थ म्हणून नाव होतं ते किती तंटे मिटवले यावरून होत नाही, किती गोष्टी पोटात ठेवल्या यावरून होतं.

आता हात कुठे घालायचा नाही. इथे मला थोडं कडक बोलावं लागेल, कारण ‘गावातलं गावात मिटवू’ या चांगल्या वाटणाऱ्या वाक्याखाली फार अन्याय झालेला मी पाहिला आहे.

लहान मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाला असेल तर तिथे तडजोड नाही, बैठक नाही, काही नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली माहिती असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि तो तुम्हालाही लागू आहे. बलात्कार, हुंडाबळी, गंभीर मारहाण यांतही तडजोडीची बैठक नको. अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचाराचा १९८९ चा कायदा लागू होईल असं प्रकरण असेल, तर ‘माफी मागतो, केस मागे घ्या’ म्हणणाऱ्यांच्या बाजूने तुम्ही उभे राहू नका. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला गावातल्या प्रतिष्ठितांनी गराडा घालणं ही मध्यस्थी होत नाही. किरकोळ मारहाण, शिवीगाळ असे गुन्हे कायद्यानेच तडजोडपात्र ठरवले आहेत. त्यांची यादी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे. ती यादी आणि तिच्यातला कोणता गुन्हा कोर्टाच्या परवानगीने मिटतो, हे वकिलाला विचारूनच पुढे जा.

नवरा-बायकोच्या वादात आधी एक प्रश्न एकटीला विचारायचा: घरी परत गेलीस तर जिवाची भीती आहे का? मार असेल तर समेटाची घाई नको. तिला संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत, ‘सखी’ केंद्रापर्यंत (हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) किंवा १८१ या हेल्पलाइनपर्यंत पोचवणं हे तुमचं काम. महाराष्ट्रात पोलीस ठाण्यांत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष चालतात. टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलिसांनी १९८४ मध्ये ही पद्धत सुरू केली. तिथल्या प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. ज्या घरात एकजण दुसऱ्याला घाबरून हो म्हणतो, तिथे दोन्ही बाजू सारख्या नसतात आणि समोरासमोर बसवून त्या सारख्या होत नाहीत.

आणि जातपंचायतीपासून लांब राहा, तिच्या ‘न्यायनिवाड्याला’ साक्षीदार म्हणूनही बसू नका. वाळीत टाकणं, लग्नकार्यात बोलावू नका असा ठराव करणं, दंड बसवणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा २०१७ पासून लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दंड बसवणारा, तोंडं बंद करणारा आणि बाईला बोलूच न देणारा पंच वेगळा. तुम्ही त्याच्या खुर्चीत बसताय असा भास कुणालाही होता कामा नये.

यावरून तंटामुक्तीचं आठवलं. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. तिचा मला मनापासून आदर आहे. ग्रामसभेतून समिती निवडणं, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक एकत्र बसणं, दिवाणी, महसुली, फौजदारी तंट्यांची नोंदवही ठेवणं, हे सगळं त्या मोहिमेने गावोगाव रुजवलं. पण बक्षिसासाठी मिटलेल्या तंट्यांचे आकडे मोजायचे म्हटलं की ‘मिटव बाबा एकदाचं’ असा दाब वाढतो, आणि तो बहुतेक दुबळ्या बाजूवर येतो. तुमच्या गावात समिती जिवंत असेल तर तिच्याशी फटकून वागू नका. तिची नोंदवही पाहा, जुने वाद कळतील. मात्र तुमच्या वहीत ‘मिटले नाही’ हा रकानाही तितक्याच मानाने ठेवा. याच्या उलट टोकाला गडचिरोलीचं मेंढा (लेखा) आहे. तिथे ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने निर्णय घेते. एकाचाही विरोध असला तर विषय पुढे ढकलतात, पुन्हा बोलतात. वेळ लागतो, पण घेतलेला निर्णय उलटत नाही.

बहिणींच्या हिश्श्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण हे प्रकरण तुमच्या दारात नक्की येणार. भाऊ म्हणतात, ‘सर, बहिणींची तक्रार नाही, फक्त हक्कसोडपत्रावर सह्या घ्यायच्यात, तुम्ही समजावा.’ समजावू नका. बहिणीला एकटीला भेटा, भावाबरोबर नाही, तिच्या नवऱ्याबरोबरही नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा जन्मतः हक्क मुलाएवढा आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. हे तिला माहीत आहे का, एवढं बघा. माहीत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडे पाठवा; स्त्रीला उत्पन्नाची कोणतीही अट न लावता मोफत वकील मिळतो.

सगळं कळल्यावर तिला काय हवंय ते तीच सांगेल. कुणी म्हणते, मला जमीन नको, पण आईचं म्हातारपण कोण बघणार ते लिहा. कुणी म्हणते, मला माझे गुंठे हवेत, मी पडून ठेवेन पण हवेत. कुणी खरंच सोडते, आणि हसत सोडते. एका बहिणीने मला सांगितलं होतं की तिला जमिनीची हाव नाही, पण सही झाल्यावर रक्षाबंधनाला बोलावणं येईल का याची खात्री नाही. ही भीती कुठल्याच कागदावर लिहिता येत नाही, पण ती भावांच्या कानावर तिच्याच तोंडून पडली आणि त्यानंतर वाटणीचं बोलणं वेगळ्याच सुरात झालं.

कागदाचंही पथ्य सांभाळा. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर ‘हक्क सोडला’ असं लिहून घेऊन तुमची सही साक्षीदार म्हणून करू नका. स्थावर मिळकतीतला हक्क ज्या कागदाने सुटतो किंवा तयार होतो त्याला नोंदणी लागते. आधी झालेल्या तोंडी वाटणीची केवळ आठवण म्हणून केलेली नोंद वेगळी. दोन्हींतला फरक दुय्यम निबंधक कार्यालयात जाण्याआधी वकिलाकडून समजून घ्या. एकमेकांच्या नावची शेती अदलाबदलीने कसत असलेल्या शेतकऱ्यांसाठी राज्याने जानेवारी २०२३ मध्ये सलोखा योजना आणली. ताबा किमान बारा वर्षांचा असेल तर हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी एवढ्यावर अदलाबदल दस्त होतो. तिची मुदत सध्या कुठवर आहे ते पाहून घ्या. पिढ्यान्‌पिढ्यांचे वाद या एका दस्ताने मिटू शकतात, आणि गावात ही योजना माहीत नसलेलेच जास्त भेटतात.

तुमच्या अधिकाराचं म्हणाल तर उत्तर सरळ आहे: बंधनकारक निर्णय देण्याचा अधिकार तुम्हाला नाही. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचं वेगळं प्रकरण आहे. परिसराची शांतता बिघडवू शकतील असे वाद, दोन्ही बाजूंच्या पूर्वसंमतीने, तीन मध्यस्थांच्या पॅनलपुढे नेण्याची त्यात सोय आहे; सचोटीची, समाजात मान असलेली स्थानिक माणसं या पॅनलवर असू शकतात. तुमच्यासारख्यांसाठीच ती तरतूद आहे असं मला वाटतं. मात्र अशा तडजोडीची कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी अंमलबजावणी करता येत नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलंय. हा कायदा टप्प्याटप्प्याने अमलात आणला जातोय, म्हणून आपल्या जिल्ह्यात पॅनलचं काय, हे विधी सेवा प्राधिकरणाला विचारा.

म्हणून पैसा किंवा जमीन गुंतलेली असेल तर मी तडजोड झाल्यावर पक्षकारांना लोकअदालतीचा रस्ता दाखवते. दावा दाखल नसला तरी ‘दाखलपूर्व’ म्हणून प्रकरण ठेवता येतं. तिथे झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, आणि त्यावर अपील नाही. आधीच कोर्टात असलेला दावा तिथे मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, हे ऐकून कितीतरी लोक बैठकीला तयार होतात. म्हाताऱ्या आईवडिलांच्या पोटगीचा वाद असेल तर प्रांताधिकाऱ्यांचं न्यायाधिकरण आहे. २००७ च्या कायद्यात तिथेही आधी समेट अधिकाऱ्याकडे पाठवण्याची सोय आहे, आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

सुरुवात कशी करायची? जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला तालुका समिती. तिथे सचिवांना भेटा. विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवता येतं का विचारा. त्या योजनेत निवृत्त शिक्षक आणि ज्येष्ठ नागरिक यांचा उल्लेखच आहे. मध्यस्थीचं प्रशिक्षण कधी आहे तेही विचारा. न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने आखलेलं प्रशिक्षण चाळीस तासांचं आहे. मी ते घेतलं तेव्हा खोलीत बहुतेक वकील होते, पण ऐकण्याचे सराव त्यांनाही माझ्याइतकेच जड जात होते. परवानगी मिळाली तर अनुभवी मध्यस्थाशेजारी नुसतं बसून बघा.

एकट्याने काम करू नका. एक बाई आणि एक पुरुष अशी जोडी असावी, आणि शक्यतो दोघं एकाच जातीचे, एकाच राजकीय गटाचे नसावेत. निवृत्त मुख्याध्यापिका, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या ताई, टपाल खात्यातले कुणी काका, अशी माणसं प्रत्येक गावात असतात आणि घराघराची त्यांना माहिती असते. पहिलं वर्ष लहान वाद घ्या: सांडपाणी, गुरं शिरणं, भिंतीवरून पडणारं पागोळ्यांचं पाणी. जमिनीची वाटणी नंतर. स्वतःच्या भावकीतला वाद मात्र कधीच नको; तो शेजारच्या गावातल्या मध्यस्थाकडे द्या, त्याच्या भावकीचा तुम्ही घ्या.

सचिवांच्या भेटीला जाताना निवृत्तीचा आदेश, आधार कार्ड, दोन फोटो आणि गावात कोणत्या प्रकारचे वाद येतायत याची, नावं न घालता केलेली, एक पानी टिपणी घेऊन जा. लोकअदालतीच्या आदल्या आठवड्यात तिथे फार गर्दी असते, तेवढे दिवस टाळा.